स्कर्टच्या प्लेटा उघडतात, पुसल्या जातात? उसवायच्या आधी हे बघा

जूनचा दुसरा पंधरवडा आला की आमच्या चिपळुणात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे पाऊस, आणि दुसरी म्हणजे दारात पिशवीत शाळेचा स्कर्ट घेऊन उभी असलेली कुणाची तरी आई. वाक्यही ठरलेलं, "ताई, प्लेटा राहतच नाहीयेत हो, परत घालून द्या ना."

चौदा वर्षं झाली मला घरी शिवणकाम करून, आणि त्यातले निदान दोन-तीनशे स्कर्ट तरी फक्त याच तक्रारीचे असतील. परत घालून द्या म्हणजे काय तर पट्टा उसवा, चेन उसवा, सगळ्या प्लेटा सोडा आणि नव्याने पाडा, म्हणजे माझी अख्खी दुपार आणि तुमचे पैसे. पण खरं सांगायचं तर दहातल्या सात वेळा उसवायची गरजच नसते, दोष भलतीकडेच असतो. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवून देता येईल.

आधी लक्षण नीट बघा

स्कर्ट हँगरला झकास दिसतो पण अंगात घातला की कमरेखाली उलट्या व्हीसारख्या प्लेटा फाकतात, तर ते मापाचं दुखणं आहे. इस्त्री केल्यावर सुरीसारख्या धारदार आणि एका धुण्यात सपाट, तर कापड नाहीतर धुण्याची पद्धत. वरती सगळं ठीक पण खालचे तीन-चार इंच फुगून बाहेर येतात, तर खालच्या दुमडीत गडबड. सगळ्या प्लेटा मिळून एका बाजूला झुकतात आणि घेर एकीकडे वर एकीकडे खाली दिसतो, तर कापड बेतताना धागा चुकलाय. आणि एखाद-दुसरीच प्लेट आतून लोंबून स्कर्टच्या खाली डोकावते, तर आतला थर वरती पट्ट्यात पकडलेलाच नाहीये.

यातलं तुमचं कुठलं ते एकदा ठरवा, पण तपासताना मात्र खाली दिलंय त्याच क्रमाने जा, कारण पहिल्या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही आणि दोन-दोन लक्षणं एकत्रही असतात.

धुणं आणि वाळवणं

मला सगळ्यात आधी विचारायचं असतं की धुता कसा. पिळून? मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर, गरम पाण्यात, वर ड्रायरचा फेरा देऊन? मग प्लेटांचा दोष नाही हो. पॉलिस्टर असलेलं कापड साधारण 70-80 डिग्रीच्या पुढे गेलं की मऊ पडायला लागतं आणि ज्या अवस्थेत गार होईल तीच घडी धरून ठेवतं. याच गुणावर तर प्लेटा टिकतात, आणि याच गुणामुळे कढत पाण्यात चुरगळून बाहेर काढला की चुरगळाही टिकतो.

करायचं एवढंच, धुवायच्या आधी सुईत लांब दोरा घ्या आणि खालून दोन इंचांवर सगळ्या प्लेटा एकीला एक धरून मोठे मोठे कच्चे टाके घालत पूर्ण गोल फिरा, वेळ असेल तर मध्ये अजून एक फेरी. पाच मिनिटांचं काम. गार पाण्यात हाताने दाबून धुवायचा, पिळायचा नाही, आणि पट्ट्याला चार चिमटे लावून सरळ लोंबत वाळवायचा, पाण्याच्या वजनानेच प्लेटा खाली ओढल्या जातात. वाळला की इस्त्री आणि मगच टाके काढायचे. आमच्याकडे पावसात तीन-तीन दिवस कपडे ओलसर राहतात, दोरीवर अर्धा दुमडून टाकलेल्या स्कर्टला तेवढ्या वेळात मधोमध अशी आडवी घडी पडते की ती इस्त्रीला दाद देत नाही. दोरीवर जागा नसेल तर खिडकीच्या गजाला हँगर अडकवा पण दुमडू नका.

कितीतरी जणींचं काम इथेच संपतं.

अंगात घालून बघा

मुलीला स्कर्ट घालून सरळ उभी करा आणि सीटवर, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त भरलेलं माप येतं तिथे, दोन्ही बाजूंना कापड चिमटीत धरा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच चिमूट सहज निघाली तर एकूण दोन इंच सैल आहे, पुरे. चिमूट निघतच नसेल तर स्कर्ट सीटला घट्ट आहे, आणि मग तुम्ही सोन्याच्या इस्त्रीने इस्त्री करा, प्लेटा उघडणारच. कापडाला जागा हवी असते, ती दुसरीकडून मिळाली नाही की ते प्लेटांतून घेतं. मग तिला खुर्चीत बसवून उठवा आणि परत बघा, बसताना ताणल्या गेलेल्या प्लेटा उठल्यावर आपसूक मिटल्या पाहिजेत.

इथे एक नेहमीची चूक, आई म्हणते कंबर तर सैल आहे मग घट्ट कसा? अहो माप कमरेचं घेऊन शिवला म्हणूनच तर. प्लेटांचा स्कर्ट सीटच्या मापावर बेततात, कंबर नंतर आत घेतात. रेडिमेड घेतानाही बहुतेक जण कंबर बघून घेतात आणि वाढत्या मुलीला दिवाळीपर्यंत तोच स्कर्ट सीटला बसेनासा होतो.

उलटही असतं. कंबर इतकी सैल की पट्टा घसरून खाली रुंद भागावर येऊन बसतो आणि तिथून प्लेटा फाकतात. याला हुक अर्धा-पाऊण इंच सरकवणं किंवा मागच्या पट्ट्यात दोन-तीन इंच इलॅस्टिक टाकणं एवढंच औषध.

आणि प्लेटा वरून शिवून दाबलेल्या असतील तर ती शिलाई कुठे संपते ते बघा. लहान मुलींना पट्ट्यापासून साधारण तीन इंच, मोठ्यांना पाच-सहा, सीटचा भरलेला भाग यायच्या थोडी आधीच ती थांबली पाहिजे. त्याच्याही खाली गेली असेल तर खालची इंच-दीड इंच उसवून बघा, बरेचदा तेवढ्यानेच प्लेट मोकळी होऊन सरळ पडते. मुळात ही दाबशिलाई असणं चांगलंच, नसेल तर घालून घ्या, पोटावर प्लेटा फुगत नाहीत. स्कॉटलंडचा किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा प्लेटांचा स्कर्ट बघा, त्यात आठ-आठ यार्ड लोकरी कापड प्लेटांत कोंबलेलं असतं तरी कमरेवर गुबगुबीत दिसत नाही, कारण कमरेपासून सीटपर्यंत प्रत्येक प्लेट शिवून बसवलेली असते.

कापड काय आहे ते जाळून बघा

हो, जाळूनच. आतल्या शिलाईच्या मायेच्या, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेल्या जादा कापडाच्या, कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने पुसली जाणारी राखाडी राख म्हणजे कॉटन, व्हिस्कोसही असंच जळतं. वितळून आकसला आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरला तर पॉलिस्टर. दोन्ही थोडं थोडं झालं तर टेरीकॉट किंवा टेरी-व्हिस्कोस. केस जळाल्याचा वास आला तर लोकर, आणि मग तो स्कर्ट माझ्याकडे आणूच नका, त्याचं पुढे सांगते. (हा प्रयोग मुलांसमोर नको, माझ्या भाच्याने नंतर पडद्याचे धागे जाळले होते.)

हे एवढ्यासाठी की निव्वळ कॉटनमध्ये कायमची प्लेट घरच्या इस्त्रीने पडत नाही. कॉटनला पाणी लागलं की आतली घडी सुटते, पावसाळी हवेतला ओलावाही तिला पुरतो. सकाळी इस्त्री करून पाठवलेला स्कर्ट दुपारी सपाट होऊन येतो तो यामुळे. शाळेने कॉटनच सांगितलं असेल तर प्रत्येक धुण्यानंतर इस्त्री हे गृहीत धरा, नाहीतर पुढे सांगितलेली काठशिलाई मारा.

नवीन कापड घेणार असाल तर माझं मत ठाम आहे, शाळेच्या स्कर्टला मध्यम वजनाचं टेरी-व्हिस्कोस सुटिंग किंवा पॉलिस्टर जास्त असलेलं टेरीकॉट, 65-35 च्या आसपासचं. शर्टाचं पातळ टेरीकॉट घेऊ नका, त्याला खाली पडायला वजनच नसतं, वारा आला की छत्री. जाड जीन्ससारखं कापडही नको, एका प्लेटेत तीन थर येतात, त्याचा कमरेवर गोळा होतो आणि मशीनची सुई मोडते. जॉर्जेट-शिफॉनसारखं झिरझिरीत पॉलिस्टर प्लेटांना सुंदर, पण ते हाताने पाडायचं काम नाही. पॉलिस्टर आणि प्लेटा ही जोडी किती पक्की ते बघायचं तर जपानचे फॅशन डिझायनर इस्से मियाके, त्यांनी 1993 मध्ये प्लेटांच्या कपड्यांची खास मालिकाच काढली आणि त्यात कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवून मग सगळाच्या सगळा उष्णतेने आणि दाबाने चुणतात, मशीनमध्ये धुतला तरी चुण्या तशाच.

दुकानात हात फिरवून कापड पसंत करणं हा माझ्या मते अर्ध्या तक्रारींचा उगम आहे. कोरडं कापड सगळंच छान लागतं. आधी पाव मीटर आणा, त्यात तीन प्लेटा इस्त्रीने पाडा, बादलीत बुडवा, लोंबत वाळवा, आणि मग ठरवा.

इस्त्री, पण सरकवायची नाही

कापड कळलं की इस्त्री कळते. टेरीकॉटला दोन टिंबांवर, म्हणजे 150 डिग्रीच्या आसपास. तीन टिंबं कॉटनसाठी, 200 डिग्री, तेवढ्यावर निळ्या टेरीकॉटवर चकचकीत डाग पडला की तो कायमचा. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मुलीच्या नव्याकोऱ्या स्कर्टच्या पुढच्याच प्लेटेवर इस्त्रीचा त्रिकोण उमटवून ठेवला होता मी, नवीन कापड आणून अख्खा स्कर्ट फुकट शिवून दिला. तेव्हापासून जुन्या धोतराचा तुकडा कायम हाताशी.

पद्धत अशी. इस्त्रीच्या टेबलावर एका वेळी तीन-चार प्लेटाच मांडा, वरून पट्ट्याशी आणि खालून घेराशी टाचणी लावून ताणून घ्या. धोतराचा तुकडा ओला करून घट्ट पिळून वर टाका. इस्त्री ठेवा, दाबा, दहा सेकंद थांबा, उचला, पुढे ठेवा. सरकवलीत की वरचा थर पुढे जातो आणि आतला तिथेच राहतो, मग एका प्लेटेला दोन-दोन धारा दिसतात. वाफ बसली की कोरडं होईपर्यंत परत दाबा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं जे कुणीच करत नाही, गार होऊ द्या! हात लावू नका. गरम असताना उचललेली घडी अर्धी सुटलेलीच असते, कारण घडी धरली जाते ती गार होताना. मी वर एक जाड लाकडी पाट ठेवते दोन मिनिटं, तोपर्यंत चहाचं बघून येते.

व्हिनेगरचं पाणी मारा असं बरेच व्हिडिओ सांगतात. मी टेरीकॉटवर तीन-चारदा करून बघितलं, साध्या पाण्यापेक्षा वेगळं काही दिसलं नाही, वास मात्र घरभर. करायचंच असेल तर आतल्या बाजूला रंग जातोय का ते आधी बघा.

काठशिलाई आणि खालची दुमड

इथून पुढे मशीन लागेल. ज्या प्लेटा काही केल्या राहत नाहीत त्यांच्या घडीच्या अगदी कडेवरून, कडेपासून जेमतेम एक-दीड मिलिमीटरवर, खालून वरपर्यंत सरळ शिलाई मारायची. फक्त त्या घडीचीच, खालचा थर मध्ये येऊ द्यायचा नाही. बाहेरच्या घडीला मारली तर दिसते पण त्याच रंगाच्या दोऱ्याने वाईट नाही दिसत, आणि आतल्या घडीलाही मारली तर स्कर्ट फाटेपर्यंत प्लेट हलत नाही. कॉटनच्या स्कर्टला माझ्याकडे हाच इलाज. सोळा प्लेटांना तासभर लागतो. प्लेट आधी इस्त्रीने बसवा आणि मग शिवा, वाकडी प्लेट शिवलीत तर वाकडीच पक्की होईल.

खालचे चार इंच फुगत असतील तर स्कर्ट उलटा करून दुमड बघा. जिथे दोन पन्हे, म्हणजे कापडाच्या पूर्ण रुंदीचे तुकडे, जोडलेत तो जोड सहसा प्लेटेच्या आतल्या घडीवर येतो, आणि दुमडीत तो दुप्पट होतो, बोटाला चक्क काडी लागल्यासारखं लागतं. ती काडीच प्लेटेला बाहेर ढकलते. त्या जागची दुमड दोन-तीन इंच उसवा, आतली माया फाकवून इस्त्री करा, जादा कापड तिरकं छाटा, परत हातशिलाई घाला. दुमड तीन पदरी जाड घातली असेल तरी हेच होतं, जाड कापडाला कड इंटरलॉक करून एकच दुमड पुरते.

लोंबणाऱ्या प्लेटेसाठी पट्टा आतून चाचपा. जाडी कमी व्हावी म्हणून काही जण प्लेटांचा आतला थर कमरेपाशी छाटून टाकतात, मग त्याला धरायला काहीच उरत नाही. आतून एक कॉटनची फीत आडवी लावून त्या थराचं वरचं टोक तिला टाचलं की झालं.

धागा चुकलाय का

प्लेटेच्या घडीवर भिंग नाहीतर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा, कापडाचा उभा धागा घडीला समांतर चाललाय का. घडी धाग्याला कापत तिरकी जात असेल तर ती प्लेट पीळ खाणारच. घाईत कापड न फाडता, कड सरळ न करता नुसतं कात्रीने कापलं की हे होतं. एखादी-दुसरी तिरकी असेल तर इस्त्रीने नवी घडी पाडून बघा. सगळ्याच तिरक्या असतील तर मी सरळ नाही म्हणते, उसवून नव्याने घालायला कापडच पुरत नाही.

शेवटी हिशोब, आणि मगच उसवणं

वरचं सगळं ठीक असूनही प्लेटा उघडतात म्हणजे त्या मुळात चुकीच्या पडल्यात. एक खरा हिशोब दाखवते. सीट 30, त्यात दोन इंच सैल, झाले 32. सोळा प्लेटा धरल्या तर प्रत्येक प्लेट वरून दोन इंच दिसणार आणि तिच्या मागे चार इंच लपणार, म्हणजे एका प्लेटेला सहा इंच, सोळांना 96. त्या 32 च्या बरोबर तिप्पट. कापड वाचवायला मागचे चाराचे अडीच केले की प्लेट उथळ होते आणि चालताना चटकन उघडते. 58 इंच पन्ह्याचं कापड असेल तर अठरा इंच उंचीला दुमड-माया धरून एकवीस इंचाचे दोन पन्हे आणि पट्टा, सव्वा मीटरमध्ये बसतं. 36 पन्ह्याचं असेल तर तीन पन्हे, पावणेदोन मीटर घ्या.

आता कंबर 24, पट्टा 25 चा. 32 वजा 25, सात इंच आत घ्यायचे, सोळा प्लेटांत वाटले की प्रत्येकी साडेतीन सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). हे साडेतीन सूत प्रत्येक प्लेटेच्या मागच्या बाजूला, सीटच्या वर निमुळतं होत दाबायचं, वरची दिसणारी घडी सरळ धाग्यातच राहिली पाहिजे. बरेच जण एक-दोन प्लेटांतच सगळं दाबून मोकळे होतात आणि मग नेमक्या त्याच दोन प्लेटा आयुष्यभर उघड्या.

खुणा करताना अर्ध्या सुताचा फरक कुणाला कळत नाही असं मलाही वाटायचं. माझा पहिला स्कर्ट चोवीस प्लेटांचा होता, खडूची रेघ जाड, प्रत्येक प्लेटेत अर्धा सूत इकडेतिकडे. चोवीस गुणिले अर्धा सूत म्हणजे दीड इंच! पट्टा जोडायला घेतला तर स्कर्ट दीड इंच लहान. खडूला टोक काढा, आणि टेप एकाच जागी शून्य धरून पूर्ण लांबीवर खुणा करा, दर वेळी उचलून नव्याने मोजू नका. हाच हिशोब कामाचाही आहे, सीट थोडीच घट्ट असेल तर सोळा प्लेटा एकेक सूत सैल केल्या की दोन इंच मिळतात आणि बाहेरून कुणाला कळतही नाही.

इथे थांबा

लोकरी किंवा लोकरमिश्रित स्कर्ट, ब्लेझरबरोबरचा महागातला, तो ड्रायक्लीनवाल्याकडे वाफेच्या प्रेसला द्या, घरी ओला करून आटवू नका. घडीच्या कडेवर कापड विरलंय, उजेडासमोर धरलं की धागे मोकळे दिसतात, तर त्यावर इस्त्रीही नको आणि काठशिलाई तर नकोच, सुईच्या भोकांवरून ते फाटेल. चकचकीत डाग पडून हाताला कडक लागत असेल तर पॉलिस्टर वितळलंय, त्याला कुणाकडेच उपाय नाही. मोठ्या चौकड्यांचा स्कर्ट, ज्यात प्रत्येक प्लेटेवर चौकडा जुळवलाय, तो उसवायच्या आधी ज्याने शिवला त्यालाच दाखवा, एकदा सोडला की परत जुळवताना मीही घाम पुसते.

आणि पाव इंचाच्या बारीक, छत्रीसारख्या मिटणाऱ्या प्लेटा हव्या असतील तर घरी नादाला लागू नका. मोठ्या शहरांत मशीनवर प्लेटा पाडून देणारे असतात, घरच्या इस्त्रीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आणि दाब असतो तिथे. त्यांच्याकडे स्कर्ट शिवून नेऊ नका, पन्हे जोडून आणि खालची दुमड घालून सपाट कापड न्या, पट्टा आणि चेन नंतर. आणि पॉलिस्टर निदान अर्ध्याच्या वर आहे याची खात्री करून जा, मागच्या वर्षी एक वहिनी शुद्ध कॉटन घेऊन पुण्याला गेल्या होत्या, पैसे दिले, प्लेटा पाडून आणल्या, पहिल्याच धुण्यात परत चादर.